‘वुडस्टॉक’ पाहिल्यानंतर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात या सदरात ‘वुडस्टॉक’ या १९७० सालच्या अमेरिकन माहितीपटाविषयी लिहिले होते. १५ ते १८ ऑगस्ट १९६९ या दिवसांत न्यूयॉर्क राज्यातील बेथेल या गावाजवळ एका दूध उत्पादक शेतकऱ्याच्या रानात संगीत महोत्सव भरला होता. मायकेल वॉडली या दिग्दर्शकाने केलेले त्याचे हे चित्रण तीन तासांहून थोडे अधिक चालते. त्या लेखानंतर कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून जी पत्रे आली, त्यांतील काही येथे घेत आहे. बहुतेकांनी माहितीपट घरी पाहिला आणि काहींनी तर तो दोनदा पाहून मग पत्र लिहिले, याचा मला मनापासून आनंद वाटतो. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : महोत्सवाचे नाव वुडस्टॉक, पण तो भरला बेथेलला, असे आपण लिहिले आहे. एवढ्या मोठ्या कार्यक्रमाचे नाव एका गावाचे आणि जागा दुसऱ्याच गावाची, असे कसे झाले?
— एक निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ

उत्तर : पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ यातच आहे, म्हणून बाई, आपला प्रश्न लहान असला तरी उत्तर थोडे सविस्तर देतो. मायकेल लँग, आर्टी कॉर्नफेल्ड, जॉन रॉबर्ट्स आणि जोएल रोझेनमन या तिशीच्या आतल्या चौघांनी काढलेल्या कंपनीचे नाव ‘वुडस्टॉक व्हेंचर्स’ होते, कारण बॉब डिलन आणि इतर अनेक कलावंत ज्या वुडस्टॉक गावात राहायला गेले होते, तिथे ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ काढावा, अशी त्यांची मूळ कल्पना होती. महोत्सवासाठी त्यांनी वॉलकिल या गावातील जागा ठरवली आणि तयारीही सुरू केली; पण जुलै १९६९ च्या मध्यावर तिथल्या कारभाऱ्यांनी परवानगी नाकारली. तोवर नाव जाहिरातींतून आणि तिकिटांवरून सर्वदूर गेले होते, त्यामुळे ते बदलता येण्यासारखे नव्हते. अशा अडचणीच्या वेळी वुडस्टॉकपासून सुमारे ७० किलोमीटरवर असलेल्या बेथेलच्या मॅक्स यास्गर यांनी आपले रान भाड्याने दिले.

यास्गर हे सलिव्हन काउंटीतील सर्वांत मोठे दूध उत्पादक होते. त्यांनी ‘हिप्पीं’ना जागा दिली म्हणून त्यांचे दूध कोणी घेऊ नये, अशा अर्थाच्या पाट्या गावात लागल्या. दुधाच्या बिलावर घर चालणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील वाचकाला त्या पाट्यांचे वजन मी वेगळे सांगायला नको. तरीही ते मागे हटले नाहीत. माहितीपटात ते व्यासपीठावर येतात आणि आपण शेतकरी माणूस आहोत, वीस जणांपुढे कसे बोलावे हेही आपल्याला ठाऊक नाही, असे सांगून त्या लाखोंच्या समुदायाचे कौतुक करतात. संपूर्ण माहितीपटातील हे माझ्या सर्वांत आवडीचे भाषण आहे. यास्गर पुढे १९७३ मध्ये वारले.

जागा बदलल्यामुळे हाती जेमतेम महिना उरला. कुंपण पुरे करायचे की व्यासपीठ, असा प्रश्न आला, तेव्हा व्यासपीठाला प्राधान्य मिळाले, आणि तीन दिवसांसाठी १८ डॉलरचे आगाऊ तिकीट असलेला महोत्सव सर्वांना फुकट खुला झाला. माहितीपटाच्या आरंभी सुतार आणि मजूर उघड्या माळावर लाकडी सांगाडा उभारताना जे दिसतात, ते दृश्य या पार्श्वभूमीवर पुन्हा पाहावे.

प्रश्न : मी पत्रकारितेचा विद्यार्थी आहे. गाण्यांसाठी म्हणून माहितीपट पाहायला बसलो, पण बराच वेळ पडद्यावर गावकरी, पोलीस, चिखलात घसरणारी मुले आणि संडास साफ करणारा कामगार हेच दिसत राहिले. शिवाय पडदा सारखा दोन-तीन भागांत विभागला जातो, त्यामुळे कुठे पाहावे तेच कळत नाही. यामागे काही विचार आहे की ही त्या काळची निव्वळ फॅशन होती?
— एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत, आणि दोन्हींचे उत्तर संकलनाच्या टेबलावर सापडते.

आधी माणसांविषयी. तुम्ही ज्या कामगाराचा उल्लेख केला आहे, तो मध्यमवयीन गृहस्थ फिरते संडास साफ करता करता कॅमेऱ्याशी बोलतो. या मुलांसाठी हे काम करताना आपल्याला आनंद वाटतो, असे तो सांगतो. आपला एक मुलगा इथेच या गर्दीत आहे आणि दुसरा व्हिएतनाममध्ये आहे, हे तो आवाज न चढवता, जणू घरची साधी गोष्ट सांगावी तसे सांगतो. एप्रिल १९६९ मध्ये व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांची संख्या ५ लाख ४३ हजारांपर्यंत गेली होती, आणि यास्गर यांच्या रानात चार लाखांहून अधिक माणसे जमली होती असे मानले जाते. म्हणजे एकाच पिढीचे जवळजवळ सारख्याच आकाराचे दोन समुदाय त्या उन्हाळ्यात दोन ठिकाणी होते, आणि या एका बापाचा एकेक मुलगा त्या प्रत्येकात होता. वॉडली यांनी यावर एका शब्दाचेही निवेदन केलेले नाही. संपूर्ण माहितीपटालाच निवेदकाचा आवाज नाही. जो अर्थ एरवी निवेदकाने सांगितला असता, तो इथे योग्य माणसासमोर कॅमेरा थांबल्यामुळे आपल्याला कळतो. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याने या दोन-तीन मिनिटांचा अभ्यास करावा, असे मी आग्रहाने सांगेन. मुलाखत घेणारा तिथे फारच कमी बोलतो.

या प्रसंगाशेजारी जोन बाएझ यांचे गाणे ठेवून पाहा. त्या वेळी त्या गरोदर होत्या आणि सक्तीच्या सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे त्यांचे पती तुरुंगात होते. गाण्याआधी त्या श्रोत्यांना पतीची हकीकत सांगतात. कंट्री जो मॅकडॉनल्ड यांचे युद्धविरोधी गाणे चालू असताना पडद्यावर शब्द उमटतात आणि एक चेंडू शब्दाशब्दावर उड्या मारत जातो, जेणेकरून चित्रपटगृहातील प्रेक्षकांनीही बरोबर गावे. गाणी आणि मुलाखती हे दोन वेगळे धागे नाहीत, हे असे जोडून पाहिले की ध्यानात येते, आणि ज्याला प्रतिसंस्कृती, म्हणजे रूढ समाजाच्या चालीरीती नाकारणारी जीवनपद्धती, म्हणतात ती या लोकांना नेमकी कशाच्या विरोधात हवी होती, हेही स्पष्ट होते.

आता विभागलेल्या पडद्याविषयी. ज्या शहरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला, त्या शहरातील विद्यार्थ्याला यातली तांत्रिक बाजू सांगायला मला विशेष आवडेल. चित्रण १६ मिलिमीटरच्या फितीवर, खांद्यावर पेलता येणाऱ्या कॅमेऱ्यांनी, अनेक छायालेखकांनी एकाच वेळी केले. या फितीवरील चौकट बरीचशी चौकोनी असते आणि चित्रपटगृहाचा पडदा मात्र रुंद असतो. एकच चौकट त्या रुंदीला बसवायची तर तिचा वरचा आणि खालचा भाग कापावा लागतो. पण दोन चौकटी शेजारी शेजारी ठेवल्या तर पडदा भरतो आणि काही वायाही जात नाही. संकलनासाठी ‘केम’ या जर्मन बनावटीची टेबले वापरली होती, ज्यांवर एकाच वेळी एकाहून अधिक प्रतिमा समोरासमोर चालवून पाहता येत. त्यामुळे एकाच क्षणाची दोन कॅमेऱ्यांनी टिपलेली दोन रूपे जुळवणे शक्य झाले. शंभराहून अधिक तासांचे चित्रण तीन तासांत आणायचे होते, हेही एक कारण आहेच. दोन प्रतिमा एकत्र दाखवल्या की तेवढ्याच वेळात दुप्पट सामग्री मावते.

तरीही यंत्र आणि सोय एवढ्यावर हे भागत नाही. सांताना यांच्या वाद्यवृंदाचा तुकडा पुन्हा पाहा. वीस वर्षांचा मायकेल श्रीव्ह ड्रम वाजवतो आहे, शेजारच्या चौकटीत श्रोते नाचत आहेत, आणि कोण कोणाला लय पुरवतो आहे हे काही वेळाने सांगता येत नाही. एका चौकटीत कलावंत आणि नंतर टाळ्या वाजवणारे प्रेक्षक, अशी साधी जोडणी केली असती तर श्रोते म्हणजे केवळ दाद देणारे लोक ठरले असते. इथे ते वादनात सामील आहेत. ‘कुठे पाहावे तेच कळत नाही’ ही तुमची तक्रार मला पूर्ण मान्य आहे, कारण काही ठिकाणी, विशेषतः एकच प्रतिमा उलटसुलट करून तिहेरी दाखवली आहे तिथे, मलाही ती कसरत वाटते. पण जिथे ही युक्ती साधली आहे, तिथे तिच्या तोडीचे काम त्यानंतरही क्वचितच झाले आहे. संकलकांमध्ये थेल्मा स्कूनमेकर आणि मार्टिन स्कॉर्सेसी ही तेव्हा फारशी कोणाला ठाऊक नसलेली नावे होती. स्कूनमेकर यांना या संकलनासाठी ऑस्करचे नामांकन मिळाले, आणि माहितीपटाला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले.

प्रश्न : पंडित रविशंकर वुडस्टॉकला वाजवून आले होते, असे आम्ही नेहमी ऐकत आलो. मी तीन तास डोळ्यांत तेल घालून पाहिले, पण ते कुठेच दिसले नाहीत. आमच्या मंडळींत यावरून वाद झाला आहे. ते खरोखर तिथे होते काय?
— शास्त्रीय संगीताचे एक श्रोते, खासबाग परिसर

उत्तर : होते, आणि आपल्या मंडळींतील वाद मिटवण्यापुरते तपशील देतो. शुक्रवारी, १५ ऑगस्टच्या रात्री त्यांचे वादन झाले. तबल्यावर उस्ताद अल्लारखा आणि तंबोऱ्यावर माया कुलकर्णी होत्या. पूरिया धनाश्री, झपतालातील तबलावादन आणि मांज खमाज असा तो कार्यक्रम होता, आणि वादन चालू असतानाच पाऊस कोसळू लागला. त्याच दिवशी स्वामी सच्चिदानंद यांचे आशीर्वादपर भाषणही झाले होते. तरीही मूळ माहितीपटात आणि पुढे निघालेल्या वाढीव आवृत्तीतही पंडितजींचे वादन नाही.

यावर माझे मत असे आहे, आणि ते मत म्हणूनच घ्यावे. या माहितीपटाने बहुतेक कलावंतांचे एकेकच गाणे घेतले आहे. तीन-चार मिनिटांचे गाणे तुकडा म्हणूनही पूर्ण असते, पण आलाप-जोडातून हळूहळू उभा राहणारा राग मधूनच उचलून चार मिनिटांत दाखवला, तर त्यात फक्त वेग उरतो. अल्लादिया खाँसाहेबांची गायकी जिथे रुजली, त्या कोल्हापूरच्या श्रोत्याला हे समजावून देण्याची गरज नाही. अशा तुकड्यापेक्षा वादन नसलेलेच बरे, असे मला वाटते.

ज्यांना त्या काळातले पंडितजी पडद्यावर पाहायचे आहेत, त्यांनी ‘मॉन्टेरे पॉप’ हा डी. ए. पेनबेकर यांचा माहितीपट मिळवावा. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे झालेल्या महोत्सवाचे ते चित्रण आहे. जेमतेम ८० मिनिटांच्या त्या माहितीपटातील शेवटची सुमारे १८ मिनिटे पेनबेकर यांनी एकट्या सतार-तबल्याला दिली आहेत. सुरुवातीला बराच वेळ वादक दिसतच नाहीत. सतार ऐकू येत राहते आणि कॅमेरा श्रोत्यांच्या चेहऱ्यांवरून सावकाश फिरत राहतो. मग बोटे दिसतात, मग अल्लारखांचे हात, आणि अखेरीस उभे राहून टाळ्या वाजवणारा समुदाय. संगीत कसे चित्रित करावे, याचा हा वस्तुपाठ आहे. वॉडली यांच्या माहितीपटावर माझा जीव असला, तरी या एका बाबतीत पेनबेकर यांना मी वरचे स्थान देईन.

पंडितजींना स्वतःला वुडस्टॉकचा अनुभव आवडला नव्हता. संगीत ऐकताना नशा करणे त्यांना कधीच मान्य नव्हते, आणि चिखलात बसलेला तो समुदाय पाहून आपल्याकडच्या चिखलात डुंबणाऱ्या म्हशींची आठवण झाली, असे त्यांनी पुढे सांगितले. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशाच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात वाद्ये जुळवून होताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, तेव्हा जुळवणेच एवढे आवडले असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, असे ते अगदी सौम्यपणे म्हणाले. तो प्रसंगही चित्रित झालेला आहे.

प्रश्न : जोतिबाच्या चैत्र यात्रेत मी गेली पंधरा वर्षे स्वयंसेवक म्हणून काम करतो. लाखो माणसे एका डोंगरावर आली की पाणी, जेवण, वाट चुकलेली पोरे, चक्कर येऊन पडलेली माणसे, सगळे एकदम अंगावर येते. कसलीही तयारी नसताना तिथे चार लाख लोकांचे कसे निभावले?
— एक स्वयंसेवक, वडणगे

उत्तर : आपल्या पत्रामुळे मी माहितीपट पुन्हा एकदा, फक्त व्यवस्थेच्या नजरेने पाहिला, आणि त्याबद्दल आपला आभारी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या शहराच्या सुमारे पाऊणपट माणसे ६०० एकरांच्या एका रानावर आणि भोवतालच्या रस्त्यांवर येऊन राहिली, असे समजावे. जोतिबाच्या यात्रेला पिढ्यान्‌पिढ्यांची घडी आहे. सासनकाठ्या कोणत्या क्रमाने येणार, गाड्या कुठवर सोडायच्या, अन्नछत्र कुठे लागणार, हे यात्रेकरूलाही ठाऊक असते. बेथेलला यातले काहीच नव्हते. रस्ते इतके तुंबले की कलावंतांना हेलिकॉप्टरने आणावे लागले. रिची हेवन्स सर्वांत आधी व्यासपीठावर आले, ते इतर कलावंत पोहोचलेच नव्हते म्हणून. त्यांच्याजवळची गाणी संपली तरी पुढचा माणूस येईना, तेव्हा एका जुन्या आध्यात्मिक गाण्याला धरून ‘फ्रीडम’ हा एकच शब्द घोळवत त्यांनी नवे गाणे तिथल्या तिथे रचले. माहितीपटात ते आहे. घामाने भिजलेला त्यांचा अंगरखा आणि ताल धरणारा पाय मी कधी विसरणार नाही.

बंदोबस्तासाठी न्यूयॉर्क शहरातील पोलिसांना सुट्टीच्या वेळात बोलावण्याचा बेत होता. तो ऐन वेळी फसला. तेव्हा ‘हॉग फार्म’ या नावाने एकत्र राहणाऱ्या मंडळींनी गर्दी सांभाळली. त्यांचे म्होरके ह्यू रॉम्नी, जे पुढे वेव्ही ग्रेव्ही या नावाने ओळखले गेले, यांनी आपल्या पथकाला ‘पोलीस फोर्स’ऐवजी ‘प्लीज फोर्स’ म्हटले, कारण कोणालाही हटकायचे झाले तर ‘कृपा करून’ असे म्हणूनच हटकायचे, असा त्यांचा दंडक होता. विक्रीसाठी आणलेले खाद्यपदार्थ संपले, तेव्हा याच मंडळींनी धान्य आणि भाज्या शिजवून वाढल्या. आजूबाजूच्या गावांतील लोकांनी घरचे अन्न पाठवले. लष्कराच्या हेलिकॉप्टरनेही मदत आली. रविवारी सकाळी वेव्ही ग्रेव्ही ध्वनिक्षेपकावरून चार लाख लोकांना अंथरुणात न्याहारी देण्याची घोषणा करतात, ती माहितीपटात ऐकू येते.

ध्वनिक्षेपकावरील घोषणांकडे आपण विशेष लक्ष दिले असेलच. अमक्याने तमक्या ठिकाणी भेटावे, अमक्याचे औषध इथे आहे, वादळ येते आहे तेव्हा मनोऱ्यांवरून खाली उतरा. सूचना देणाऱ्याचा आवाज शेवटपर्यंत शांत आहे. वादळात विजेच्या तारा आणि उंच मनोरे यांच्यामध्ये लाखो माणसे असताना तो आवाज एकदा जरी घाबरला असता, तर काय झाले असते हे आपल्यासारख्या अनुभवी स्वयंसेवकाला कळेल.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे, गिटार शिकतो आणि हा माहितीपट पाहण्याचा हट्ट धरून बसला आहे. दाखवावा की नाही?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, आपण आधी एकट्याने पाहावा आणि मग ठरवावे. तळ्यात विवस्त्र आंघोळ करणारी तरुण मुले-मुली त्यात आहेत, उघड उघड गांजा ओढणारे लोक आहेत, व्यासपीठावरून शिवीगाळही आहे. अमेरिकेतही तो अल्पवयीन मुलांनी मोठ्यांसोबतच पाहावा, अशा वर्गात मोडतो. माझ्या मते दोन वर्षे थांबण्याने काही बिघडणार नाही. तोवर सांताना यांचे वादन किंवा जो कॉकर यांचे गाणे एवढे भाग आपण त्याच्यासोबत बसून पाहू शकता.

मात्र जेव्हा दाखवाल, तेव्हा पडद्यावर नसलेली एक गोष्ट त्याला अवश्य सांगावी. माहितीपट मार्च १९७० मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला ‘कॅन्ड हीट’ या वाद्यवृंदाचे ॲलन विल्सन, १८ सप्टेंबरला जिमी हेंड्रिक्स आणि ४ ऑक्टोबरला जॅनिस जॉप्लिन गेल्या. तिघांनीही त्या महोत्सवात कला सादर केली होती, तिघांचेही वय २७ होते आणि तिघांच्याही मृत्यूशी गोळ्या किंवा अमली पदार्थ यांचा संबंध होता. गिटार शिकणाऱ्या मुलाला हेंड्रिक्स आवडणारच, आणि आवडावेतही. म्हणूनच ही तारीख त्याला ठाऊक असावी असे मला वाटते.

प्रश्न : माहितीपटात सगळे आनंदी दिसतात. आयोजकही तोटा झाल्याचे हसत हसत सांगतात. व्यवसायाने वकील असल्यामुळे मला असे एकाच बाजूचे पुरावे पटत नाहीत. यातून काय वगळले आहे?
— एक वकील, नागाळा पार्क

उत्तर : आपला संशय रास्त आहे. त्या तीन दिवसांत निदान दोन तरुणांचा मृत्यू झाला. एकाचा अमली पदार्थाच्या अतिसेवनाने, आणि दुसरा रानात झोपलेला असताना त्याच्या अंगावरून ट्रॅक्टर गेल्यामुळे. माहितीपटात याचा उल्लेख नाही. हसणारे आयोजक म्हणजे लँग आणि कॉर्नफेल्ड. ज्यांच्या घरच्या पैशावर सारा डोलारा उभा होता, ते जॉन रॉबर्ट्स त्या वेळी हिशेब आणि देणी सांभाळत होते. काही नामांकित वाद्यवृंदांनी पैसे हाती आल्याखेरीज वाजवणार नाही असे सांगितले, तेव्हा शनिवारी रात्री बँक उघडायला लावून धनादेश आणावे लागले. महोत्सव संपला तेव्हा कंपनीवर दहा लाख डॉलरहून अधिक कर्ज होते. माहितीपटाने वितरक कंपनीला अमाप पैसा मिळवून दिला; आयोजकांचा तोटा भरून निघायला मात्र सुमारे दहा वर्षे गेली.

क्रमही जसाच्या तसा नाही. आरंभी हेवन्स आणि अखेरीस हेंड्रिक्स हे खरे, पण मधली जुळवणी संकलकांची आहे. ‘क्रीडेन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’, ‘द बँड’, ‘ग्रेटफुल डेड’ हे तिथे वाजवून गेलेले मोठे वाद्यवृंद १९७० च्या आवृत्तीत नाहीत. नील यंग यांनी तर स्वतःचे चित्रण करू दिले नाही.

त्याहून मोठी उणीव या माहितीपटाच्या चौकटीबाहेर आहे, आणि तिचा दोष वॉडली यांच्याकडे जात नाही. त्याच उन्हाळ्यात, तिथून सुमारे १६० किलोमीटरवर न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागात सहा रविवारी कृष्णवर्णीय कलावंतांचा मोठा महोत्सव भरत होता. त्याचे सुमारे ४० तासांचे चित्रण झाले, पण ते घ्यायला कोणी तयार होईना, म्हणून जवळजवळ ५० वर्षे ते पडून राहिले. २०२१ मध्ये ‘समर ऑफ सोल’ या नावाने त्याचा माहितीपट निघाला आणि पुढच्या वर्षी त्यालाही ऑस्कर मिळाले. ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ हा वाद्यवृंद दोन्ही माहितीपटांत आहे. लागोपाठ दोन्ही पाहिले की कोणत्या गर्दीला त्या वर्षी ‘पिढीचा आवाज’ म्हटले गेले आणि कोणत्या गर्दीचे चित्रण तळघरात गेले, हे आपल्यासमोर पुराव्यानिशी येईल.

प्रश्न : तीन तासांची आवृत्ती पाहावी की पावणेचार तासांची?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : पहिल्यांदा पाहणार असाल तर १९७० ची, तीन तासांची. १९९४ च्या वाढीव आवृत्तीत जॅनिस जॉप्लिन आणि ‘जेफर्सन एअरप्लेन’ यांची भर पडली आहे, ती दुसऱ्या खेपेस पाहावी. मोबाइलवर मात्र पाहू नये. विभागलेल्या पडद्याचे सारे काम वाया जाते.

प्रश्न : शेवटी जिमी हेंड्रिक्स वाजवतात तेव्हा मैदान जवळजवळ रिकामे दिसते. एवढ्या मोठ्या कलावंताला ऐकायला कोणीच कसे थांबले नाही? आणि राष्ट्रगीत त्यांनी असे विद्रूप का केले?
— एक माजी सैनिक, कसबा बावडा

उत्तर : हेंड्रिक्स यांचे वादन रविवारी रात्री व्हायचे होते, पाऊस आणि विलंब यांमुळे ते सोमवारी, १८ ऑगस्टला सकाळी नऊच्या सुमारास सुरू झाले. कामावर जायचा दिवस, तीन दिवसांची भूक आणि ओले कपडे यांमुळे बहुतेक लोक निघून गेले होते. तीस-चाळीस हजार उरले होते. रान मोठे असल्यामुळे तेही विरळ दिसतात.

दुसऱ्या प्रश्नाच्या संदर्भात एक गोष्ट आपल्याला आवर्जून सांगावीशी वाटते, कारण आपण स्वतः सैन्यात होता. हेंड्रिक्स हेही १९६१-६२ मध्ये अमेरिकन सैन्याच्या १०१ व्या एअरबोर्न तुकडीत होते आणि विमानातून उड्या मारण्याचे शिक्षण त्यांनी घेतले होते. अमेरिकेच्या राष्ट्रगीताच्या शब्दांत तोफगोळे आणि अग्निबाण यांचा उल्लेख आहे. हेंड्रिक्स धून सरळ वाजवत त्या शब्दांपाशी येतात आणि तिथे गिटारमधून बॉम्ब पडल्याचे, किंचाळ्यांचे आवाज काढतात, मग पुन्हा धुनेवर येतात. मधेच सैनिकाच्या अंत्यसंस्काराला वाजवतात त्या बिगुलाचे स्वरही ऐकू येतात. मला यात विटंबना ऐकू येत नाही. आपण पुन्हा एकदा, फक्त ते बिगुलाचे स्वर शोधण्यासाठी ऐकावे आणि मग आपले मत मला कळवावे; ते माझ्या मताविरुद्ध असले तरी पुढच्या अंकात छापीन. ते वादन चालू असताना कॅमेरा मैदानाकडे वळतो, तेव्हा चिखलात रुतलेल्या चादरी, फाटके बूट आणि कचऱ्यातून काही शोधत वाकलेली माणसे दिसतात, तीही त्या वेळी पाहावीत.